उचललेला हात

काल सकाळी तेलाची बाटली तिरकी केली, तर तेल आलं नाही. बाटलीच्या पोटात ते पिवळट, तुपासारखं बसून होतं. मोहाच्या बियांचं तेल हे असंच. आमच्याकडे त्याला टोळीचं तेल म्हणतात. धारणीकडच्या रानातून ते अकोल्याच्या बाजारात येतं आणि सांधे धरलेल्या माणसाला त्याचा फार आधार वाटतो. उन्हाळ्यात ते पाण्यासारखं धावतं. पण दिवाळी उलटून थंडी नीट बसली, बैलांच्या नाकातून वाफ निघायला लागली, कापसाच्या गाड्यांची रांग सरकी काढायच्या जिनाच्या फाटकापासून पार सडकेपर्यंत लागली, की एका सकाळी ते गोठतं. कोणत्या सकाळी, ते आधी सांगता येत नाही.

बायकोनं बाटली माझ्या हातातून घेतली आणि अंगणात उन्हाला ठेवली.

"गोठलं का? मंग झालं," ती म्हणाली. "आता तुमी चार-आठ दिवस घुम्यावानी राह्यसान. पोरीले सांगून ठेवते, बाबाच्या वाटी जाऊ नको."

"मी काही बोललो का तुले?"

"तेच तं म्हणून राह्यली मी."

तिला सगळं माहीत आहे. एलिचपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी महारोग्यांची एक वस्ती आहे. तिथे सुखदेव राहतो. सुखदेव एका हिवाळ्यापुरता माझा जोडीदार होता. आम्ही दोघं एकमेकांच्या अंगावर मालीश शिकलो. तो तिथे आहे हे मला मागच्या थंडीत कळलं, आणि मी मनाशी म्हटलं, जाईन. मग तेल वितळलं. उन्हाळा आला, पाऊस येऊन गेला, कपाशीला बोंडं धरली आणि फुटली. मी गेलो नाही. आता तेल पुन्हा गोठलं आहे.

*

मी मालीशवाला आहे, आणि सर्टिफिकेट असलेला आहे. हे ऐकून लोक हसतात. अंग रगडायला कसलं आलंय सर्टिफिकेट? पण आमच्या तरुणपणी अमरावतीच्या एका व्यायामशाळेच्या चालकांच्या मनात आलं की मोडलेलं हाड डॉक्टर बसवतो, प्लास्टर काढतो, पण त्यानंतर वाळक्या काटकीसारखा झालेला तो हात कामाला कोणी लावायचा? त्यासाठी शिकलेली माणसं हवीत. म्हणून त्यांनी दिवाळी ते होळी असा एक वर्ग काढला. शेवटी दवाखान्याच्या डॉक्टरांनी परीक्षा घ्यायची, पास होईल त्याला सहीशिक्क्याचं सर्टिफिकेट द्यायचं. ते असलं की मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या दवाखान्यांत कामाला ठेवून घेतील, अशी बोलवा होती.

मी मॅट्रिकला आपटलेला. थोरला भाऊ कापसाच्या बाजारात अडत्याकडे होता. तो म्हणाला, "डोस्कं चालत नसन तं हात चालव." आणि त्यानं मला अमरावतीच्या गाडीत बसवून दिलं.

त्या वर्गाचा वास अजून माझ्या नाकात आहे. टिनाची शेड, शेजारी आखाडा. आखाड्याच्या लाल मातीत हळद, ताक आणि तेल मुरलेलं. त्यात सकाळच्या शेकोटीचा, तुऱ्हाट्यांचा धूर. आमचे उस्ताद हबीबमियाँ मूळचे अकोल्याचे, एके काळचे पहिलवान. आता गुडघे गेले होते, पण मनगटं जागची हलली नव्हती. त्यांनी आम्हाला पहिले काही आठवडे माणसाला हातच लावू दिला नाही. सरकीची पोती आणून आडवी टाकली आणि म्हणाले, "यही तुम्हारा मरीज. दबाओ."

सरकीचं पोतं पाठीसारखंच असतं. दाबलं की आत काहीतरी सरकतं, बाजूला होतं, आणि पुन्हा जागेवर येतं. आम्ही ते बोटांनी, तळव्यांनी, कोपरांनी रगडायचो. नंतर डोळ्यांना फडकं बांधून. उस्ताद एखाद्या पोत्यात गुपचूप जोंधळ्याचं कणीस खुपसून ठेवायचे, आणि ते कुठे आहे ते वरून हात फिरवून सांगायचं. सांगता नाही आलं तर म्हणायचे, "माफी मांगो बोरे से. बेचारा कब से बता रहा है, यहाँ दुखता है, यहाँ दुखता है."

आणि आम्ही खरोखर पोत्याची माफी मागायचो.

मग जोड्या लागल्या. वर्गाची रीत अशी की एकदा लागलेली जोडी परीक्षेपर्यंत मोडायची नाही. उस्तादांचं म्हणणं, अंग काही पहिल्या दिवशी बोलत नाही. नव्या सुनेसारखं असतं, हळूहळू तोंड उघडतं. एक आजारी पडला, सोडून गेला, तर दुसऱ्यानंही पुढच्या वर्षी यायचं. माझ्या वाट्याला सुखदेव आला.

सुखदेव माळ्याचा. अमरावतीच्या कडेला त्यांची विहिरीवरची बागाईत होती, वांगी, कोथिंबीर आणि झेंडू. पहाटे तो बाजारात फुलांचे हारे उतरवून द्यायचा आणि तसाच वर्गावर यायचा. त्याच्या हातांना झेंडूचा तो कडवट वास असायचा. त्यावर तेल चढलं की एक तिसराच वास व्हायचा. आजही रस्त्यानं जाताना कुठे कोणी पूजेसाठी झेंडू सोलत बसलं असलं की माझी पाठ आधी ओळखते, मग मी.

पहिल्या दिवशी मी पालथा पडलो आणि त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "लेका वासू," तो म्हणाला, "ही पाठ आहे का वखराची पास? सारी हाडंच. मायनं जेवाले नाई घातलं का तुले?"

"तुह्या वांग्याची भाजी खाऊ घाल ना मंग."

"वांगे खाऊन कोनाले पाठ आली बे?"

पण त्याचा हात! मी पुढे कित्येकांच्या हाताखाली पडलो, कित्येकांना शिकवलं. तसा हात पुन्हा पाहिला नाही. जड, ऊबदार, बिनघाईचा. ओल्या वाफ्यात पाणी जसं स्वतःच वाट काढत शेवटच्या रोपापर्यंत जातं, तसा तो जायचा. त्याला स्नायूंची नावं पाठ होत नव्हती. मला व्हायची. तो म्हणायचा, "नावं तू सांग, दुखनं मी काढतो. दोघं मिळून एक डागतर व्हतो."

सर्टिफिकेट त्याला माझ्यापेक्षा जास्त हवं होतं. बागाईत तीन भावांत होती आणि विहिरीला पाणी एकापुरतंच. त्याला दवाखान्यात जागा हवी होती. दवाखान्यातला पांढरा सदरा घालून बाजारात फुलांच्या हाऱ्यांमधून एकदा चालत जायचं, एवढंच त्याचं स्वप्न त्यानं मला सांगितलं होतं.

*

उस्तादांचा एक नियम सगळ्या नियमांच्या वर होता. एकदा माणसाच्या अंगाला हात लावला की शेवटपर्यंत उचलायचा नाही. तेल घ्यायचं तर एका हातानं घ्यायचं, दुसरा अंगावर राहू द्यायचा. कूस बदलायला लावायची तरी तळवा खांद्यावर टेकलेला.

"आँख बंद करके पड़ा है वो," उस्ताद सांगायचे. "उसको तू दिखता नहीं. तेरा हाथ ही तू है. हाथ उठा, तो तू गया. तू गया, तो वो अकेला."

म्हणून सराव करताना कोणाचा हात चुकून उचलला गेला, की पडलेल्यानं डोळे न उघडता मोठ्यानं ओरडायचं, "गेला!" मग सगळा वर्ग ओरडायचा, "गेला रे गेला!" आणि हात उचलणाऱ्यानं बैठका काढायच्या. जोड्या लागल्यावर पहिल्या पंधरवड्यात शेडमध्ये नुसता हाच गलबला असायचा. नंतर तो थांबला. आमचे हात शिकले.

रविवारी डॉक्टरसाहेब यायचे. ते पुण्याकडचे, बोलणं नेमकं. भिंतीवर माणसाचा सोललेला नकाशा टांगून ते शिकवायचे आणि शिकवून झालं की स्वतः उस्तादांपुढे मान वाकवून बसायचे. "मियाँ, आठवड्याची मान आहे ही, सांभाळून." उस्ताद मान हातात घेत आणि डॉक्टर बोलता बोलता झोपी जात.

एका रविवारी डॉक्टरांनी कोणाला मालीश करायचं नाही ते शिकवलं. ताप असलेल्याला नाही, नस सुजलेल्याला नाही. मग त्यांनी आपल्या कोटाच्या खिशातून कापसाची एक वात काढली. एका पोराचे डोळे मिटायला लावले आणि त्याच्या हातावर, गालावर ती वात टेकवत विचारत गेले, "लागलं? आता लागलं?"

"लागलं. लागलं."

"ज्याला लागत नाही," डॉक्टर म्हणाले, "कातडीवर फिकट, कोरडा चट्टा आहे आणि तिथे कापूस टेकवला तर ज्याला कळत नाही, त्याला माझ्याकडे पाठवा. कोपराच्या आतल्या बाजूला इथे एक शीर असते, ती सुतळीसारखी जाड लागली, तर उशीर करू नका. महारोग लवकर सापडला तर काही करता येतं. कडू कवठीच्या तेलाची इंजेक्शनं असतात. उशिरा आला तर मी फक्त पट्ट्या बांधू शकतो."

आम्ही सगळ्यांनी आपापली कोपरं चाचपली आणि हसलो. सुखदेवही हसला.

*

त्याच्या आधीची एक गोष्ट सांगायला हवी. तेलाचं पातेलं शेकोटीवर असायचं. एकदा सुखदेव पातेल्याला हात टेकवून कोणाशी तरी वाद घालत उभा होता. करपल्याचा वास आला तेव्हा आम्ही ओरडलो. डाव्या करंगळीची कड आणि त्याखालचा तळवा भाजला होता, कातडी वर आली होती. त्यानं हात काढून पाहिला, जणू दुसऱ्याचा हात आहे.

"म्हशीचं कातडं आहे बे याचं," कोणीतरी म्हणालं.

"माळ्याचं आहे," सुखदेव म्हणाला. "काटे टोचून टोचून मेलं ते."

सगळे हसले. मीही हसलो.

रविवारच्या त्या धड्यानंतर मी रोज त्याच्या डाव्या हाताला मालीश करताना थोडा थबकायचो. कोपराच्या खाली, बाहेरच्या अंगाला एक जागा होती. बाकीच्या हातावर तेल मुरायचं. तिथे ते वर राहायचं, चकचकत. केसही तिथे विरळ. थंडीच्या उन्हात पाहिलं तरच दिसेल असा चट्टा, गव्हाच्या कोंड्याच्या रंगाचा. मला तो आधीपासून माहीत होता, कारण त्याचं अख्खं अंग मला माहीत होतं. पण डॉक्टरांनी नाव दिल्यावर तो वेगळा झाला.

वऱ्हाडात हिवाळ्यात कापूस शोधावा लागत नाही. तो कुंपणाला अडकलेला असतो, वाटेवर सांडलेला असतो, आपल्याच धोतराला चिकटलेला असतो. एका सकाळी तसाच एक पुंजका मी पिळून वात केली. सुखदेव डोळे मिटून पडला होता, माझा डावा तळवा त्याच्या खांद्यावर होता. मी वात त्याच्या उजव्या हातावर टेकवली.

"गुदगुल्या नको करू बे," तो म्हणाला.

मग डाव्या हातावर, त्या जागी. तो काही म्हणाला नाही. मी पुन्हा टेकवली. त्याचा श्वास तसाच चालला होता. मी अंगठा कोपराच्या आत नेला. पोत्यात लपवलेलं कणीस जसं बोटांना अचानक भेटतं, तशी ती शीर भेटली. सुतळीसारखी.

मी तेव्हा त्याला सांगू शकलो असतो. तोंड त्याच्या कानाजवळच होतं. सांगितलं असतं तर त्याचं सर्टिफिकेट गेलं असतं. महारोग्याचा हात अंगावर कोण घेईल? आणि जोडी मोडली म्हणून माझं वर्षही गेलं असतं. हे दोन्ही विचार माझ्या मनात आले. कोणता आधी आला, हे मी स्वतःला इतक्या वर्षांत अनेकदा विचारलं आहे, आणि दर वेळी उत्तर जरा बदलून दिलं आहे.

पण हात विचार करत बसले नाहीत. मनगटापासून निघालेला माझा तळवा वर चालला होता. त्या जागेपाशी आला आणि उचलला गेला. दोन्ही हात. मी ते हवेत पाहिले, माझेच, तेलानं चमकणारे. मग ते दंडावर जाऊन टेकले, जणू मधला हात नव्हताच.

मी त्याच्या ओरडण्याची वाट पाहिली. "गेला!" एवढंच तर ओरडायचं होतं. सगळे हसले असते, मी बैठका काढल्या असत्या.

सुखदेव ओरडला नाही. डोळे न उघडता त्यानं विचारलं, "काहून बे, हात उचलला?"

"तेल घेत होतो."

"दोन्ही हातानं?"

शेजारच्या जोडीत कोणीतरी कोणाच्या पोटावर थापट्या मारत होतं, ढोलकीसारख्या.

*

त्यानंतर पाळी बदलली आणि मी पडलो. त्याचा हात माझ्या पाठीवर आला, तोच जड, ऊबदार, झेंडूच्या वासाचा. आणि माझी पाठ आकसली. मी तिला सांगत होतो, सैल पड, सैल पड. ती ऐकेना. तोंडानं खोटं बोलता येतं. पाठीला ते शिकवता येत नाही.

सुखदेवचा हात क्षणभर तसाच राहिला. उचलला मात्र नाही. शेवटपर्यंत त्यानं मला मालीश केलं, तळपायांपर्यंत, एकदाही हात न उचलता. फक्त त्या दिवशी त्यानं माझ्या हाडांवरून थट्टा केली नाही.

घरी, म्हणजे मी राहत होतो त्या खोलीवर, येऊन मी कडुलिंबाचा पाला उकळला आणि त्या पाण्यानं पाठ घासली. राखेनं घासली. दुसऱ्या दिवशीही. असे काही दिवस आम्ही एकमेकांना मालीश करत राहिलो. मी त्या जागेला वळसा घालत, तो माझ्या आकसलेल्या पाठीवरून जात. दोघांनाही सगळं कळलेलं, आणि मध्ये नुसतं तेल.

मग एका सकाळी तो टोपलीभर झेंडू घेऊन आला आणि उस्तादांच्या पायाशी ठेवून म्हणाला, "उस्ताद, मले सुट्टी द्या. घरी बागाइतीचं काम निंगालं. पण वासूचं वर्स नका घालवू. त्याची काई चूक नाई. त्याले बसू द्या परीक्षेले."

उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "क्या रे, झगड़ा हुआ तुम दोनों में?"

"नाई जी," सुखदेव म्हणाला. "वासूसंग कोन झगडन? हाडं टोचतीन."

सगळे हसले. तो जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवेल असं वाटलं. आमच्यात तशी सवय होती. त्यानं हात मागे घेतला आणि नुसती मान हलवली. मला सोडवण्यासाठी, की तेव्हाच त्याला स्वतःच्या हाताची भीती वाटायला लागली होती, कोणास ठाऊक.

परीक्षा होळीच्या आधी झाली. एक अनोळखी माणूस पालथा पडला होता, डॉक्टर शेजारी उभे होते. मी सगळी नावं बरोबर सांगितली. एकदाही हात उचलला नाही. पास झालो. उस्तादांनी पाठीवर थाप दिली आणि म्हणाले, "हाथ अच्छा है तेरा. मगर पहले चलता था, अब पूछ-पूछ के चलता है."

डॉक्टर त्या दिवशी माझ्यापासून वीतभर अंतरावर होते. त्यांना नुसतं सांगायचं होतं की माळ्याच्या सुखदेवला बोलावून घ्या. मी सर्टिफिकेट घेतलं, वाकून नमस्कार केला आणि अकोल्याची गाडी धरली.

*

लोक मला हळुवार हाताचा म्हणतात. म्हातारे तर मलाच बोलावतात. मी हळुवार नाही. मी शोधत असतो. प्रत्येक माणसाच्या कोपराच्या आत माझा अंगठा आपोआप जातो, प्रत्येक पाठीवर मी तेल कुठे मुरत नाही ते पाहतो. वाण्याच्या हातावर, मास्तरांच्या, मोटार हाकणाऱ्याच्या. माझ्या बायकोच्या हातावर, माझ्या पोरीच्या. दर थंडीत, तेल गोठलं की, अंगणात बसून कापसाची वात करून स्वतःच्या अंगावर फिरवतो. लागतं. सगळीकडे लागतं. कुठे तरी लागू नये असं कधी कधी वाटतं, म्हणजे हिशेब मिटेल. आणि तसं वाटल्याबरोबर अंगावर काटा येतो. तोही सगळीकडे येतो.

काही जणांच्या अंगावर मला ती जागा सापडली. त्यांना मी सांगितलं. हात तिथेच ठेवून सांगितलं. एकानं शिव्या दिल्या आणि पुन्हा दारात उभं केलं नाही. एक रडला आणि दवाखान्यात गेला. याचं मला समाधान वाटायला हवं. वाटत नाही, कारण त्यांना सांगताना हात ठेवायला जमतं हेच मला दर वेळी दिसतं. म्हणजे तेव्हाही जमलं असतं.

मागच्या हिवाळ्यात अकोल्याच्या बाजारात झेंडूच्या ढिगामागे बसलेल्या माणसाकडे मी नुसता पाहत राहिलो. तोच जबडा, तीच कपाळाला हात लावून बोलायची लकब. सुखदेवचा धाकटा भाऊ लक्ष्मण. मी नाव सांगितलं.

"तुमीच वासू का?" तो म्हणाला. "दादा लय सांगते तुमचं."

"कुठे आहे तो?"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. एलिचपूरच्या पलीकडची ती वस्ती. बोटं वळली आहेत, पण बागकाम करतो. आमचा वर्ग सुटला त्याच उन्हाळ्यात तो स्वतःच दवाखान्यात गेला होता, इंजेक्शनं घेतली होती. मग ती मध्येच सोडली. गावात कळलं म्हणून घरही सोडलं.

लक्ष्मणनं एक हार कागदात बांधता बांधता म्हटलं, "दादा एकच गोष्ट घडीघडी म्हणते. म्हणते, वासूनं हात उचलून मले सांगतलं, ते बरंच केलं. कोनी तं सांगतलं. पण मंग परत ठेवाले काय झालतं त्याले?"

कपाशीचा हंगाम होता. बाजारभर रुई उडत होती. ती माझ्या ओठांवर, पापण्यांवर येऊन बसत होती आणि मला ती लागत होती.

*

आज मी गेलो. बाटली उन्हात ठेवली होती, पण पुरती वितळायची वाट पाहिली नाही. फडक्यात गुंडाळून पोटाशी धरली. बायकोनं भाकरी बांधून दिली. अकोल्याहून मूर्तिजापूर, तिथून एलिचपूरची छोटी गाडी. ती इतकी सावकाश जाते की पोरं उतरून बोरं वेचून पुन्हा चढतात. पुढे टांगा. टांगेवाल्यानं मला वस्तीच्या बरंच अलीकडे उतरवलं आणि म्हणाला, "इथून पायी जा."

सुखदेव वाफ्याशी बसला होता. खुरपं त्यानं फडक्यानं मनगटाला बांधून घेतलं होतं. भोवती झेंडू. त्यानं मान वर करून पाहिलं आणि माझं नाव घ्यायच्या आधी माझ्या पोटाशी धरलेल्या गाठोड्याकडे पाहिलं.

"तेल आनलं का? गोठलं असन."

"पोटाशी धरलं होतं. वितळलं."

"हाडाची ऊब लागली का तेलाले?" तो म्हणाला आणि हसला. दात तेच होते.

मी बोलायला लागलो. गाडीत सगळं जुळवून ठेवलं होतं, तेव्हा मी असं, मला असं वाटलं, मी डॉक्टरांना... त्यानं ऐकून घेतलं नाही.

"भाषन नको देऊ, वासू. एवढ्या लांबून आला, थंडी आहे. हात रगडून दे."

झाडाखाली बाज होती. तो तिच्यावर आडवा झाला आणि वर्गात पडायचा तसे डोळे मिटले. त्याचा डावा हात माझ्यासमोर होता. बोटं आत वळलेली, करंगळी अर्धी. कोपराखालची ती जागा आता शोधायला नको होती. तिच्या पलीकडे, मनगटापर्यंत, सगळा हातच ती जागा झाला होता. मी तळव्यावर तेल घेतलं.

"ठेवला का बे?" त्यानं विचारलं.

मी त्याच्या मनगटावर तळवा टेकवला. "ठेवला."

"कुठी?"

"मनगटावर."

"मले काई समजत नाई तिथं. सांगत राह्य."

मी सांगत राहिलो. आता मनगटावर. आता वर चाललो. आता मध्यावर आलो. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. मी हात उचलला असता तरी त्याला कळलं नसतं. त्याच्याजवळ फक्त माझा शब्द होता, आणि माझ्या शब्दाची किंमत त्याला माहीत होती.

"आता ती जागा आली," मी म्हणालो.

मी तिथे थांबलो. तेल वर चकचकत होतं, जुन्यासारखंच. मी तळवा टेकवून ठेवला, दाबून, इतका वेळ की तेल माझ्याच उबेनं पातळ होऊन बाजेच्या सुतळीवर ठिबकलं. मग मी हात तसाच पुढे नेला. कोपर. कोपराच्या वर, जिथे कातडी अजून जिवंत होती, तिथे माझी बोटं पोचली, आणि त्याचा दंड हलकेच थरथरला.

"आला," सुखदेव म्हणाला.